पाच व्होल्ट कोणाचे?

मायक्रोकंट्रोलरला प्रोग्रामर जोडायचा तर सहा तारा लागतात. त्यातल्या पाच तारांबद्दल कुणाचं काही म्हणणं नसतं. डेटा जाणारी एक, डेटा येणारी एक, क्लॉक, रिसेट आणि ग्राउंड. भांडण आहे ते सहाव्या तारेवरून. ही तार म्हणजे व्हीसीसी, म्हणजे पाच व्होल्ट. हे पाच व्होल्ट प्रोग्रामरने बोर्डाला द्यायचे, की बोर्डाने प्रोग्रामरला दाखवायचे, की दोघांनी आपापले सांभाळायचे आणि ही तार जोडायचीच नाही?

मंडळी, प्रश्न एवढासा वाटतो. पण याच प्रश्नापायी २०१९ च्या फेब्रुवारीत अमरावतीत एका खोलीवर एक लॅपटॉप गेला. लॅपटॉप माझा नव्हता. त्याची गोष्ट शेवटी सांगतो, कारण आधी ही तार आली कुठून ते सांगायला हवं. (आणि खरं सांगायचं तर ती गोष्ट सांगायला अजूनही थोडं जड जातं, म्हणून इतिहास आधी.)

ज्यांचा या भानगडीशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी: मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये बसवलेला पिटुकला कॉम्प्युटर. वॉशिंग मशीन, टीव्हीचा रिमोट, ऑटोरिक्षाचं डिजिटल मीटर, सगळीकडे तो असतो. त्याच्यात प्रोग्राम भरावा लागतो. आज आपण तो चिप बोर्डावर असतानाच भरतो. पण सुरुवातीची वीसेक वर्षं तसं नव्हतं.

१९७१ साली इंटेलमध्ये डॉव फ्रोमन या इंजिनिअरने ईप्रॉम शोधला. १७०२ ही त्याची पहिली चिप. ईप्रॉमच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असायची. प्रोग्राम पुसायचा असला की चिप बोर्डावरून उपटायची, अतिनील दिव्याखाली साधारण वीस मिनिटं ठेवायची, मग प्रोग्रामरच्या सॉकेटमध्ये बसवून नवीन प्रोग्राम लिहायचा आणि परत बोर्डावर लावायची. उन्हात ठेवली तरी पुसली जायची, पण त्याला आठवडाभर लागायचा. (अकोल्याच्या मे महिन्यातही तेवढाच. पुसतात अतिनील किरणं, उष्णता नाही. आमच्या ४६ डिग्रीचा इथेही काही उपयोग नाही.)

१९७६ मध्ये इंटेलने ८७४८ काढला. त्यात प्रोसेसर आणि ईप्रॉम एकाच चिपमध्ये होते. १९८० मध्ये ८०५१ आला आणि त्याचा खिडकीवाला भाऊ ८७५१. तरी लिहायची पद्धत तीच. त्या काळी लिहायला मोठा व्होल्टेज लागायचा. २७१६ सारख्या ईप्रॉमला २५ व्होल्ट, पुढच्या पिढीला २१, नंतर साडेबारा. असा व्होल्टेज बोर्डावर आणला असता तर शेजारच्या पाच व्होल्टवाल्या चिपांचं काय झालं असतं ते सांगायला नको. म्हणून चिप एकटी प्रोग्रामरकडे जायची. सासरी-माहेरी असतं तसं. माहेरी असेतोवर खाणंपिणं माहेरचं, सासरी आली की सासरचं. दोन घरांचे व्होल्ट एकमेकांना कधी भेटतच नव्हते, त्यामुळे कोणाचे हा प्रश्नही नव्हता.

खिडकीची काच महाग पडायची, म्हणून त्याच चिपा बिनखिडकीच्या स्वस्त प्लास्टिकमध्येही मिळायच्या. एकदा लिहिलं की संपलं, पुसायला वाटच नाही. ही एकदाच लिहायची चिप आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीची आहे, फक्त कुणी तिला त्या नजरेने पाहत नाही. आपलं मतदान यंत्र. त्यातला प्रोग्राम एकदाच लिहिता येतो, असं निवडणूक आयोग सांगत आला आहे. २००४ च्या लोकसभेला देशभरातल्या सगळ्या मतदारसंघांत ही यंत्रं होती, म्हणजे अमरावती-अकोल्यातही. बाकी जग चिप पुन्हापुन्हा कशी लिहिता येईल याच्या मागे लागलं होतं आणि इथे मुद्दाम उलटं हवं होतं. असो, तो वेगळा विषय आहे.

१९८४ मध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली. विजेनेच पुसायची, विजेनेच लिहायची. १९९३ मध्ये ॲटमेलने ८०५१ च्या घराण्यात फ्लॅश घातली. तोच एटी८९सी५१. भारतातल्या निम्म्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी आपलं आयुष्य या चिपवर काढलं म्हटलं तरी चालेल. पण तिलाही माहेरी जावंच लागायचं, कारण ती समांतर पद्धतीने, पुष्कळ पिना वापरून आणि बारा व्होल्ट देऊन लिहिली जायची.

त्याच वर्षी मायक्रोचिपने पीआयसी१६सी८४ काढली आणि खरी गंमत सुरू झाली. ही चिप फक्त पाच तारांवर लिहिता यायची: पाच व्होल्ट, ग्राउंड, क्लॉक, डेटा आणि रिसेटच्या पिनेवर तेरा-एक व्होल्ट. हे तेरा व्होल्ट म्हणजे 'आता मी तुला लिहिणार आहे' एवढं सांगायची खूण. लिहायला लागणारा मोठा व्होल्टेज चिप आतल्या आत स्वतःच तयार करायची. पाचच तारा, म्हणजे चिप उपटायची गरज नाही. बोर्डावर एक कनेक्टर ठेवला की झालं. सर्किटमध्येच प्रोग्रामिंग.

आणि इथे दोन्ही घरांचे व्होल्ट पहिल्यांदा समोरासमोर आले.

हौशी लोकांनी तर कमालच केली. जेडीएम नावाचा एक प्रोग्रामर होता. त्याला ना ॲडाप्टर, ना बॅटरी. कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टवर अधिक-उणे बारा व्होल्टच्या आसपास जे सिग्नल असायचे, त्यातूनच तो आपली वीज चोरायचा. आकडा टाकून. :) मात्र त्यात एक खोच होती. तेरा व्होल्टचं गणित जमवायला त्याने पोर्टचं ग्राउंड चिपच्या पाच व्होल्टच्या पिनेला जोडलं होतं आणि चिपचं ग्राउंड त्याच्या पाच व्होल्ट खाली नेलं होतं. चिप सॉकेटमध्ये एकटी असेल तर बिघडत नाही. पण बोर्डावर असेल आणि बोर्डाचं ग्राउंड कुठूनतरी कॉम्प्युटरच्या ग्राउंडला मिळालं, की पाच व्होल्ट थेट शॉर्ट. शिवाय लॅपटॉपचे सिरियल पोर्ट पाच-सहा व्होल्टच द्यायला लागले, तेव्हा बिचारा उपाशीच मेला.

दुसरी वाट पॅरलल पोर्टची. जुन्या प्रिंटरचा पंचवीस पिनांचा पोर्ट. त्यावर दोन ते नऊ डेटाच्या आणि अठरा ते पंचवीस ग्राउंडच्या पिना आहेत, पण वीज देणारी एकही पिन नाही. या पोर्टवर आपल्याकडच्या माणसाचं पुस्तक आहे हे मला फार उशिरा कळलं. पुण्याच्या आयुकात उपकरणांवर काम केलेले धनंजय गद्रे यांनी १९९८ मध्ये पॅरलल पोर्टच्या प्रोग्रामिंगवर इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यानंतर दोनेक वर्षांत एव्हीआर मायक्रोकंट्रोलरवर दुसरं. आयुकात म्हणजे दुर्बिणीतून आकाश बघणाऱ्यांच्या घरात हा माणूस प्रिंटरच्या पोर्टातून काय काय करता येतं ते बघत होता, हे मला जाम आवडतं.

एव्हीआर १९९० च्या दशकातली. नॉर्वेतल्या ट्राँडहाइमच्या आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोन विद्यार्थ्यांची कल्पना ॲटमेलने उचलली आणि १९९७ च्या सुमारास चिपा बाजारात आल्या. यात ते तेरा व्होल्टही गेले. रिसेट खाली ओढायचा आणि पाच व्होल्टवरच लिहायचं. सुरुवातीला सांगितलेला सहा तारांचा कनेक्टर यांचाच. यांच्या पॅरलल पोर्टवाल्या केबलमध्ये ७४एचसी२४४ ही बफर चिप असायची. तिला जगायला वीज हवी, पोर्ट तर देत नाही. मग ती सहाव्या तारेवरून बोर्डाकडूनच घ्यायची. म्हणजे त्या काळात उत्तर स्वच्छ होतं. पाच व्होल्ट बोर्डाचे. बोर्ड चालू नसेल तर प्रोग्रामर मुका.

आमच्या लॅबमध्ये कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप केवळ या पोर्टासाठी जिवंत ठेवला होता. त्याच्यावर मी एकदा भूत पाहिलं. सेकंड इयरला, प्रॅक्टिकलला, मी व्हीसीसीची तार जोडायचीच विसरलो. बोर्डाला वीजच नाही. तरी चिपने आपली ओळख बरोबर सांगितली आणि एलईडी मंद पेटलेला! मी घाबरून लॅबवाल्या भाऊंना बोलावलं. ते म्हणाले, "चिप उसनवारीवर चालून राह्यली. तार लाव."

उसनवारी हाच नेमका शब्द आहे. चिपच्या प्रत्येक पिनेवर संरक्षणासाठी आत डायोड असतात. सिग्नलच्या तारेवर पाच व्होल्ट आले आणि चिपची स्वतःची वीज बंद असली, की ते डायोडमधून आत घुसतात आणि चिपच्या वीजवाहिनीलाच थोडी वीज मिळते. चार-साडेचार व्होल्ट, तेही अशक्त. तेवढ्यावर चिप ओळख सांगते, वाचूही देते. पण पुसायला-लिहायला गेलात की कोसळते, आणि अर्धवट लिहिलेला प्रोग्राम ही काहीच न लिहिण्यापेक्षा वाईट अवस्था. काही पीआयसी तर पूर्ण पुसायला किमान साडेचार व्होल्ट मागतातच. डायोडमधून जास्त करंट गेला तर चिप आतल्या आत शॉर्ट होऊन तापते, ते वेगळंच.

मग यूएसबी आलं आणि उत्तर पुन्हा धूसर झालं. आता प्रोग्रामरच्या खिशात स्वतःचे पाच व्होल्ट आले, पाचशे मिलिअँपपर्यंत. साहजिकच उदार व्हायचा मोह होतो. कंपन्यांनी यावर वेगवेगळी भूमिका घेतली. ॲटमेलच्या एव्हीआरआयएसपी मार्क टू ने ठाम नकार दिला. तो सहाव्या तारेवर फक्त व्होल्टेज मोजतो, बोर्ड तीनवर चालतो की पाचवर ते बघून आपले सिग्नल तेवढेच ठेवतो, देत काही नाही. मायक्रोचिपचा पिकिट ३ देतो, पण तीसच मिलिअँप. आणि थॉमस फिशल या जर्मन माणसाने काढलेला फुकटचा यूएसबीएएसपी, ज्याच्या चिनी नकला आमच्यासारख्या सगळ्यांनी घेतल्या, त्याने निर्णय तुमच्यावर सोडला. एक जम्पर. लावला तर लॅपटॉपचे पाच व्होल्ट बोर्डाला, काढला तर नाही. इवलासा काळा प्लास्टिकचा तुकडा.

आर्डुइनोवाल्यांची या बाबतीतली वाटचाल मला फार शिकवणारी वाटते. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआत सुरू झालेल्या या बोर्डांवर आधी असाच जम्पर होता, वीज यूएसबीची की बाहेरची ते निवडायला. २००७ च्या डिएचिमिलावर जम्पर राहिला, पण कॉम्प्युटरचा पोर्ट वाचवायला आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज आला. डिएचिमिला म्हणजे दहा हजार. २००९ च्या दुएमिलानोवेवरून, म्हणजे नावातच दोन हजार नऊ, तो जम्पर कायमचा गेला. बोर्ड स्वतःच ठरवायला लागला. उनोवर तर एक छोटा तुलनाकार बाहेरच्या विजेकडे सतत बघत असतो. ती साडेसहा व्होल्टच्या वर गेली की एक मॉस्फेट यूएसबीची वाट बंद करतो. ज्याने कोणी तो जम्पर काढायचा निर्णय घेतला, त्याने आपल्यासारख्या पोरांना जवळून पाहिलेलं असणार.

तर आता ती गोष्ट.

फायनल इयरचा आमचा प्रोजेक्ट म्हणजे मोबाइलवरून शेतातली मोटार चालू-बंद करणं. वऱ्हाडात हा काही शौक नव्हे. शेतीची थ्री फेज तेव्हा कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. रात्रीची पाळी असली की माणूस बॅटरी घेऊन, साप-विंचवातून विहिरीवर जातो. माझा रूम पार्टनर तेल्हाऱ्याचा. त्याचे बाबा हेच करायचे, म्हणून प्रोजेक्टची कल्पना त्याची. लॅपटॉपही त्याचाच, तुरीच्या पैशातून घेतलेला. बोर्डावर एटीमेगा१६, डिस्प्ले, रिले, जीएसएम मॉड्यूल. बारा व्होल्टचा ॲडाप्टर आणि त्याचे पाच करायला ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर. मधला पाय ग्राउंडचा.

त्या संध्याकाळी लाइन गेली. दुसऱ्या दिवशी सरांना दाखवायचं होतं. पार्टनर मेसला गेला होता. लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती, म्हणून मी जीएसएम मॉड्यूल काढलं (ते क्षणभराला दोन अँपिअर ओढतं, यूएसबीचा जीव तेवढा नाही), जम्पर लावला आणि लॅपटॉपच्या पाच व्होल्टवर प्रोग्राम टाकत बसलो. मस्त चाललं होतं. मोबाइलच्या उजेडात बोर्ड उलटासुलटा करून तारा पाहत होतो. बारा व्होल्टचा ॲडाप्टर भिंतीतल्या सॉकेटमध्ये तसाच होता, बटण चालू. ते माझ्या डोक्यातच नव्हतं.

पार्टनर परत आला, खुर्ची ओढून बसला, आणि लाइन आली. टिक्क असा बारीक आवाज, एक वास, आणि लॅपटॉपची स्क्रीन काळी.

काय झालं असेल ते मला दोन दिवसांनी कळलं, मल्टीमीटर लावल्यावर. ७८०५ च्या ग्राउंडच्या पायाचा टाका कोरडा होता. वरून चकचकीत, आतून सुटलेला. कधी लागायचा, कधी नाही. ग्राउंड सुटलं की ७८०५ ला आपले पाच कुठून मोजायचे तेच कळत नाही आणि तो आलेला व्होल्टेज जवळपास तसाच पुढे ढकलतो. बाराचे दहा-साडेदहा. एटीमेगाची सहनशक्ती सहापर्यंत. जम्पर नसता तर चिप मेली असती, फार तर प्रोग्रामर. सिग्नलच्या तारांवर छोटे रेझिस्टर असतात, ते थोडं थोपवतात. जम्पर असल्यामुळे दहा व्होल्टना लॅपटॉपपर्यंत सरळ रस्ता मिळाला.

पार्टनर म्हणाला, "लाइनचा झटका बसला बे." दुरुस्तीवाला म्हणाला मदरबोर्ड, नऊ हजार. हॉस्टेलभर हेच झालं, लाइनचा झटका. मी जम्पर त्याच रात्री काढून खिशात टाकला होता. बोललो नाही. त्याच्या बाबांना फोनवर तो "लाइनीनं गेला" सांगत होता तेव्हा मी शेजारीच बसलेलो होतो. तरीही नाही बोललो. प्रोजेक्ट लॅबच्या मशीनवर पूर्ण केला, मार्क चांगले पडले, मी पुण्याला आयटीत आलो.

यंदा दिवाळीला अकोल्याला गेलो तर त्याच्याकडे जाऊन आलो. मूर्तिजापूर रोडला त्याचं मोटार स्टार्टर आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे. चहा सांगितला. काउंटरवर एक बोर्ड उघडा पडलेला, त्याला प्रोग्रामर जोडलेला, आणि मी बघितलं तर सहावी तार कापून त्यावर टेप गुंडाळलेली. मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. जम्पर, ॲडाप्टरचं बटण, खिसा.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मले मालूम होतं बे."

"जम्परचं?"

"जम्परचं नाही. टाक्याचं. तो ७८०५ मीच बसवला होता ना. घाईत मारला होता टाका, गन तापलीच नव्हती. मले वाटे, लॅपटॉप माह्याच हातानं गेला. तुले काय सांगू? तू म्हणशीन, प्रोजेक्ट बुडवला पोट्ट्यानं."

एवढी वर्षं दोघं जण एकाच रेग्युलेटरखाली दबून बसलो होतो. मी म्हटलं, म्हणजे दोघांचंही चुकलं. दोन्ही चुका एकाच वेळी झाल्या नसत्या तर काही झालं नसतं. त्याने टेप गुंडाळलेल्या तारेकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "म्हणून तर कापून टाकली. आता बोर्डाचं बोर्डानं पाहावं."

चहा आला. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नऊ हजार लागले होते. साडेचार दे मंग."

मी मोबाइल काढून तिथल्या तिथे पाठवले. त्याने घेतले.